फुटल्यानंतरची बेरीज

चार मास्तर एका खोलीत चहा प्यायला बसले की किस्से साचतातच. आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटचे तर इतके साचले, की डिपार्टमेंट मोडलं तरी ते संपले नाहीत. आता सांगायचे कुणाला, हाच प्रश्न! ऐकणारे सगळे मध्य प्रदेशभर पांगले.

ग्वाल्हेरच्या आमच्या कॉलेजात वामनराव हेड, अभ्यंकर त्यांचे शाळेपासूनचे मित्र, आणि मी दोघांच्या हाताखालचा डेमॉन्स्ट्रेटर. वामनरावांचा लाडका विषय एकच, फुटणाऱ्या वस्तूंचं मोमेंटम. "गोळा फुटो नाहीतर फटाका! तुकडे वाटेल तिकडे जावोत, सगळ्यांच्या मोमेंटमची बेरीज फुटण्याआधी होती तेवढीच!"

*

एकदा पोरांना घेऊन सागरतालावर सहलीला गेलो. नावेत अभ्यंकरांनी समजावलं, "माणूस पुढे उडी मारतो तेव्हा नाव मागे सरकते. म्हणून अंदाज घेऊन उडी मारावी." मग धोतर सावरून त्यांनीच घाटाकडे उडी मारली. नाव मागे, अभ्यंकर पाण्यात!

वामनराव नावेतून ओरडले, "फुल मार्क्स, अभ्यंकर!"

*

संस्थान विलीन झालं, फौज मोडली, त्या सुमाराची गोष्ट. वर्गात कंपूतला, म्हणजे फौजेच्या वस्तीतला, एक मुलगा होता. वडील सुभेदार, तेव्हा घरी बसलेले. वामनराव 'बेरीज कायम' म्हणाले आणि हा उठला. "सर, आमच्या बाबांची पलटन तुटली. उसमें क्या कायम रहा?"

वर्ग हसला. वामनराव हसले नाहीत. "बस बेटा," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून फळा पुसू लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

*

पुढे मध्य प्रदेश हे नवं राज्य झालं, ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला गेली, पाठोपाठ कचेऱ्या गेल्या. दालबाजारातले आमचे नेहमीचे दुकानदार लालाजी कपाळाला हात लावून बसले, गिऱ्हाईकच राहिलं नाही! वामनरावांनी धीर दिला, "लालाजी, टुकड़े बिखरते हैं, जोड़ वही रहता है."

"रहता होगा, मास्टरजी. लेकिन मेरी दुकान तो इसी टुकड़े में है!"

*

मग आमची पाळी आली. बदल्यांचे हुकूम निघाले. मला रीवा, अभ्यंकरांना रायपूर. अभ्यंकरांची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. बदल्या करणारा साहेब वामनरावांचा जुना विद्यार्थी, एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. पण कुणाची शिफारस करायची नाही हे वामनरावांचं व्रत, आणि तोंडाने मागायचं नाही हा अभ्यंकरांचा ताठा! दोघं शेजारी बसून हवापाण्याच्या गप्पा मारायचे. आजही मला दोघांचा राग येतो, आणि फार वाईटही वाटतं.

एका दुपारी वामनराव उगाच चेष्टेत म्हणाले, "एक तुकडा रीवा, एक रायपूर. मूळ गोळा मात्र जागेवर!"

अभ्यंकरांनी कप खाली ठेवला. "वामनराव, फुटल्यावर मूळ गोळा उरत नसतो. मागे राहतो तोही तुकडाच."

*

अभ्यंकरांच्या शेवटच्या दिवशी नेमका तोच धडा होता. टेबलावर दोन छोट्या गाड्या, मध्ये दाबलेली स्प्रिंग, गाड्या एकमेकींना दोऱ्याने करकचून बांधलेल्या. दोरा काडीने जाळला की त्या विरुद्ध दिशांना सुटतात, आणि मोमेंटमची बेरीज शून्य. बोलायचं वामनरावांनी, जाळायचं अभ्यंकरांनी, ही वर्षानुवर्षांची वाटणी.

अभ्यंकरांनी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. तीही विझली. खिडक्या तर बंद होत्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, माचिस गीली है क्या?"

तिसरी नीट पेटली. अभ्यंकरांनी ती दोऱ्यापाशी नेली. तेवढ्यात वामनराव टेबलावर वाकले आणि फुंकर मारून त्यांनी ती विझवली.

"बेरीज शून्यच येते," ते वर्गाला म्हणाले. "लिहून घ्या!"