मेरीमातेला भामाची फुलं

नेरे गावची भामा तीस वर्षं पनवेलच्या बाजारात फुलं विकत आली. तिच्या वेण्या माळून किती पोरी बोहल्यावर चढल्या, त्याला मोजदाद नाही. पण नवरा भगवान गेल्यापासून अकरा वर्षांत गावदेवीची ओटी काही तिने भरली नव्हती. विधवेने भरायची नाही, हा गावचा रिवाज. जत्रेला वेणी ती गुंफायची आणि जाऊ मालूच्या हाती धाडायची. वेणी चालते, वेणी करणारी चालत नाही, असला हा न्याय! जत्रेच्या दिवशी भामा घराचं दार लावून बसायची.

२०१३च्या मार्चमध्ये लेक निशाने तिला स्पेनला नेलं. निशा तिथे वॅलेन्सिया शहरात नोकरीला होती आणि शहरात फायासचा सण चालू होता. बँड वाजत होते, फटाके फुटत होते, जरीचे घागरे घातलेल्या बायका फुलांचे गुच्छ घेऊन चौकाकडे निघाल्या होत्या. चौकात मेरीमातेचा उंचच उंच लाकडी सांगाडा उभा होता. त्यावर चढलेली माणसं बायकांच्या हातची फुलं सांगाड्यात खोचून तिची शाल भरत होती.

भामाने आधी फुलंच तपासली. "ताजी हायेत. पन देठ बग केवडं लांब ठेवलंय!"

निशाची शेजारीण आम्पारो, वय सत्तरीचं, नटूनथटून आली होती. तिने आपल्या गुच्छातली अर्धी फुलं भामापुढे धरली. भामा चटका बसल्यासारखी मागे सरली.

"नको गो. माजा हात नाय चालत. निशा, सांग तिला."

निशाने सांगितलं. आम्पारोला ते कळेचना, तिने दोनदा विचारून घेतलं.

"माझा नवरा जाऊन वीस वर्षं झाली," ती मग म्हणाली. "दर वर्षी मी फुलं देते."

भामाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कानात झुंबरं, गळ्यात मोती. ही विधवा? भामाने फुलं हातात घेतली.

मिरवणुकीच्या तोंडाशी व्यवस्थेतल्या एका बाईने त्यांना अडवलं. पारंपरिक पोशाखाशिवाय आत प्रवेश नव्हता. तिने भामाचं जांभळं नऊवारी लुगडं पाहून खुशाल वाट दिली, आणि जीन्स घातलेल्या निशाला मात्र बाहेर ठेवलं. परदेशात राहणारी लेक कठड्यामागे आणि नेऱ्याची आई मिरवणुकीत!

भामा सांगाड्याशी पोचली. वरून एक हात खाली आला. तिने फुलं दिली, ती शालीत जाऊन बसली, आणि अकरा वर्षं कोंडलेलं रडू एकदम फुटलं. तिला लाज वाटली. पण बाजूला पाहते तो आम्पारोही रडत होती, पुढची अनोळखी बाईही रडत होती.

घरी येताच भामाने निशाला नेऱ्याला फोन लावायला सांगितलं.

"मालू, चैतात जत्रंला माजी वेनी तू नको नेऊ. औंदा ओटी मीच भरीन."

आता ही गावच्या रिवाजाचा पाढा वाचणार, असं भामाला वाटलं.

"भर," मालू म्हणाली. "मी तुज्या बाजूला उबी रायन. बगू कोन आडवं येतंय."