न झिजलेलं स्प्रॉकेट

“तुम्ही फकस्त एवढंच म्हणायचं, मिस्त्री. जुनं स्प्रॉकेट पार गेलं होतं, म्हणून गाडी चढत नव्हती.”

जाधव माझ्या गॅरेजमध्ये उभे राहून आवाज खाली करून सांगत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गॅरेज कोपरखैरण्यात, टपरीपेक्षा थोडंसंच मोठं. जाधव मूळचे साताऱ्याकडचे, जवळच्या पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर कामाला. त्यांची शंभर सीसीची बाइक पहिल्यापासून माझ्याच हाताखालची. पिशवीतून त्यांनी कापडात गुंडाळलेलं नवं स्प्रॉकेट काढलं. मालकाला विचारून, सुट्टी झाल्यावर थांबून त्यांनी ते स्वतः बनवलं होतं.

स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक. पुढे इंजिनाशी एक छोटं, मागच्या चाकाला एक मोठं. मागचं आणखी मोठं केलं की गाडीची ओढ वाढते आणि पळ कमी होतो. रेसवाली पोरं पळ वाढवायच्या मागे असतात, जाधवांना ओढ हवी होती.

“जुनं गेलेलं नाही,” मी म्हटलं. “मागच्या सर्व्हिसिंगला मीच बघितलंय.”

“म्हाईत हाय. तरी म्हना.”

माझं डोकं सटकलं. आमच्या धंद्याला लोक आधीच लबाड समजतात. म्हणून काढलेला जुना पार्ट मी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो. गेला असेल तर गेला म्हणायचं, चांगला असेल तर चांगला. माझं गॅरेज त्याच्यावरच चालायचं.

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. बेलापूरच्या बाजूला डोंगरावर देवीचं देऊळ आहे. नवरा-बायको अधूनमधून मंगळवारी बाइकवरून तिथे जायची. वहिनी अंगाने भरलेल्या. मागच्या खेपेला शेवटच्या चढावर गाडीने मान टाकली. वहिनींना उतरून चालावं लागलं. तिथे उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांतला एक हसून म्हणाला, “आंटी, गाडी उचलून घ्या ना खांद्यावर.” तेव्हापासून वहिनी बाइकवर बसेनात. देवीला नाही, बाजारात नाही, लग्नाकार्याला पण नाही. तुमी जावा, म्हणायच्या.

“गाडीच खराब होती असं तुमच्या तोंडून ऐकलं, तर बसंल,” जाधव म्हणाले. “माझ्यावर इस्वास न्हाई तिचा. तुमच्यावर हाय.”

म्हणजे माझ्या खरेपणावरच त्यांना खोटं चालवायचं होतं. मला राग आला आणि त्या माणसाबद्दल मायाही वाटली. बघू, एवढंच म्हणालो.

रविवारी हत्यारं घेऊन त्यांच्या घरी गेलो. सिडकोचं बैठं घर, पुढे ओटा. वहिनी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. गाडी मेन स्टँडवर घेतली, चेनचं कव्हर काढलं, मागचं चाक उतरवलं, जुनं स्प्रॉकेट सोडवून सवयीने वहिनींसमोर ठेवलं. नवं बसवलं, चाक चढवलं आणि चेन टाकायला गेलो तर दोन टोकं एकमेकांना भेटेनात. चाक मोठं झालं की चेन लांब लागते. जाधवांनी एवढे दाते पाडले, पण चेनचा विचार केलाच नव्हता. मीही गॅरेजमधून निघताना केला नव्हता.

“आनतो जोडायला कड्या,” म्हणत ते शेजाऱ्याची सायकल घेऊन निघाले.

कव्हरही नव्या स्प्रॉकेटला घासणार होतं. कव्हर नसेल तर साडी चेनमध्ये जाते. मी ते हातोडीने आतून ठोकून फुगवायला बसलो. वहिनींनी जुनं स्प्रॉकेट उचललं, दात्यांवरून अंगठा फिरवला.

“भावजी, दाते झिजले की कसे व्हत्यात?”

“टोकदार होतात. एका बाजूला कलतात.”

“मग ह्ये तर बरं हाय.”

मी हातोडी चालवत राहिलो.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मला कळलंय. रोज उशिरा येत्यात, कपड्याला लोखंडाचा कीस. इचारलं तर म्हनं ओव्हरटाइम. माझ्यापायीच चाललंय.” त्यांनी लसणाची टरफलं सुपात गोळा केली. “त्या चढावर मी लाजले, खरं हाय. पन त्येंच्या तोंडाकडं बघितलं आन् जास्त वाईट वाटलं. त्येंचा अपमान झाला वो. म्हनून बसत न्हवते.”

“मग आता मी काय म्हणू?”

“त्येंनी सांगितलंय त्येच म्हना.”

जाधव घामाघूम होऊन कड्या घेऊन आले. मी चेन जोडली, लॉक बसवलं, कव्हर लावलं. मग जुनं स्प्रॉकेट हातात घेऊन, घसा साफ करून म्हणालो, “वहिनी, हे पार गेलं होतं बघा. याच्याने कुठली गाडी चढणार.”

“बया,” वहिनी म्हणाल्या. “आन् मी उगाच गाडीवर रागावले.”

जाधवांचा चेहरा असा खुलला, की मला मान खाली घालून हत्यारं गोळा करावी लागली.

मंगळवारी दोघं देवीला गेली. गाडी फर्स्ट गिअरमध्ये बोंबलत का होईना, वरपर्यंत गेली. सपाटीला मात्र तिचा वेग असा पडला की स्कूटरवाले हॉर्न मारत पुढे जायचे. जाधवांनी एकदाही तक्रार केली नाही.

पुढे काही वर्षांनी गाडी चेनचा आवाज करायला लागली. दोघं मिळूनच गॅरेजमध्ये आली. मी कव्हर काढलं. जाधवांनी पाडलेले दाते टोकदार होऊन एका बाजूला कलले होते. स्प्रॉकेट काढून वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला.

“ह्या बारीला खरंच झिजलंय, न्हवं का भावजी?”

जाधव माझ्याकडे बघायला लागले. मी हातातल्या पान्याकडे.

“म्हंजी... तवा?” जाधव म्हणाले.

“तवाचं तवा,” वहिनी म्हणाल्या. “नवं एवढंच मोठं करा. मी काय बारीक झाले न्हाई.”

जाधवांनी झिजलेलं स्प्रॉकेट वहिनींच्या हातून घेतलं आणि खिशातल्या रुमालाने बायकोच्या बोटांचं ग्रीस पुसत बसले.

जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा नियम मी गॅरेज बंद करेपर्यंत पाळला. फक्त नवरा-बायको दोघं समोर असतील, तर तो कुणाच्या हातात द्यायचा, हे आधी बघून घ्यायचो.