कपाटावरची हळदीकुंकवाची बोटं

बायांनो, माहेरी होतं तसं सागवानी कपाट मी फोनवरच्या जुन्या सामानाच्या जाहिरातींत कधीची शोधतेय. आईचं वाटणीत गेलं नि मोडलं.

आज धाराशिवातच एक सापडलं. गेले तर विकणारे चाचा दार घासत होते. "एवढे डाग काढतो बेटी, नवंकोरं दिसंल!"

डाग कसले! दसऱ्याला कुणा बाईनं ओढलेली हळदीकुंकवाची पाच बोटं होती ती. आईपण अशीच ओढायची. भावात घासाघीस करायला गेलेली मी, "घासू नका हो चाचा!" म्हणून ओरडलेच. तोवर दोनच बोटं उरली होती.

कपाट घरी आलं, दिवा लावला. आता दसऱ्याला पुसलेल्या तीन जागी माझी बोटं ओढू, का त्या अनोळखी बाईसाठी तशाच मोकळ्या ठेवू?