टेप कोरीच आहे, साहेब

ती घटना आठवली की माझ्या उजव्या हाताचं बोट आजही आखडतं.

अंबडच्या एका कारखान्यात संगणकावरची साच्यांची सगळी ड्रॉइंग्ज पुसली गेली होती. कारखान्याच्या एका भागीदाराने ठाण्यात खबर दिली, की संगणक सांभाळणाऱ्या माणसाने ती बाहेर विकली आणि बॅकअप म्हणून कपाटात कोऱ्या टेप रचून ठेवल्या. मी त्या माणसाला अटक केली. चौकशीत तो एकच सांगत राहिला, की टेप भरलेल्या आहेत. याच भागीदारांनी मध्येच बॅकअपचं सॉफ्टवेअर बदललं, ते जुन्या टेप ड्राइव्हशी जुळत नाही, म्हणून भरलेली टेपही नव्या सॉफ्टवेअरला कोरी दिसते. मला टेप म्हणजे भावगीतांची कॅसेट एवढंच ठाऊक. सगळं समजल्यासारखी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बनवतोय.

त्याची पोलीस कोठडी संपायला एकच दिवस उरला होता. टेप कोरी निघाली, की त्याची रवानगी तुरुंगात. त्याची बायको सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसून होती. मी मागच्या दाराने ये-जा करत होतो.

कारखान्यात पंचांसमक्ष टेप ड्राइव्हमध्ये घातली. पडद्यावर आलं, टेप कोरी आहे, वापरासाठी तयार करू का? मी छाती फुगवून माउस ‘हो’वर नेला.

“दाबा ना साहेब, कोरीच हे,” शेजारून भागीदार म्हणाले.

आरोपीने हवालदाराला हिसका देऊन माझं मनगट धरलं. “साहेब, पाया पडतो, दाबू नका. सगळं पुसलं जाईल. मला खुशाल आत टाका, पण टेप राहू द्या.”

हवालदाराने त्याला मागे ओढलं. माझं बोट मात्र तिथंच अडकलं. कोरी टेप पुसली जाण्याची भीती कोणाला वाटेल? आणि पुसायची एवढी घाई कोणाला?

जुन्या सॉफ्टवेअरचा संगणक भंगारात पडला होता. तो आणवून ड्राइव्ह त्याला जोडला. टेप करकरत फिरू लागली. बराच वेळ काहीच दिसेना. मग एकेक ड्रॉइंग उमटू लागलं. त्यामागून कार्यालयाचे मेल आले, आणि तीच ड्रॉइंग्ज भागीदारांनी कोणाला पाठवली तेही त्यांत निघालं. त्यांना ही टेप पुसून हवी होती. त्यासाठी त्यांनी बोट शोधलं, तेही सरकारी.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्याच्या सुटकेचा अहवाल मीच दिला. त्याची बायको नमस्कार करून गेली. तो नमस्कार मला पचला नाही.

तेव्हापासून एक शिकलो. यंत्राने काही विचारलं, की आधी भोवतालची तोंडं बघावीत, कोण घाबरलंय, कोण घाई करतंय. आता मोबाइल ‘डिलीट करू का’ विचारतो, तेव्हा मी बायकोकडे बघतो.

ती म्हणते, “दाबा की.”

मी फोन खाली ठेवतो.