घाटातला हॉर्न

त्या दिशी जीपमधी मी, माझी सून शालन, शेजारची कौसाबाई आन् जीपवाला, एवढीच माणसं व्हती. भुलेश्वराच्या डोंगरावर चाललो व्हतो. तळेगावच्या बाजाराला मी नेहमी त्याच्याच जीपनं जाते, पर नाव कवा इचारलं न्हाई. गडी बोलता बोलता वळणावर गप व्हतो आन् वळण सरलं की राहिलेलं बोलणं पुरं करतो.

आमचं मालक ह्याच घाटात टेम्पो उलटून गेलं. तवापासनं मी डोंगर चढले न्हवते. मी पुढं जीपवाल्याशेजारी बसले व्हते. चढ लागला तसं डोळं मिटलं.

कौसाबाई हसली, "म्हातारे, देवाला बी अशीच बघणार व्हय?"

जीपवाल्यानं गाडी कडंला घेतली. म्हणला, "मावशी, हॉर्नचं एक जादा बटण तुमच्यापुढं बसवलंय. वळण दिसलं की दाबा. माझं दोन्ही हात स्टेरिंगला लागत्यात."

मग डोळं कसं मिटणार? दर वळणाला मी बटण दाबलं. मालकांच्या वळणाला जरा जास्तच येळ दाबलं. वर पोचलो, तवा खालचा सगळा मुलूख मी डोळं भरून बघितला.

तुमच्या गाडीत कुणी म्हातारी डोळं मिटून बसली, तर हसू नका. तिला कायतरी काम द्या.