अ‍ॅप कोणत्या ओळीवर पडलं

तिचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा, आणि रागाला कारण काहीच नव्हतं. हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून राग आणखी वाढायचा. ती भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतली, मी सावली गावची. चंद्रपूरच्या एका छोट्या ऑफिसात आम्ही दोघी मोबाईलची अ‍ॅप बनवायचो. मी तिच्या आधी लागलेली. तरी काही बिघडलं की आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, केबिनमधून हाक मारत ती तिलाच. "कॉलनी, इकडे ये वं जरा!" माझी खुर्ची केबिनच्या दाराशी, तिची पार खिडकीजवळ. हाक रोज माझ्या डोक्यावरून जायची.

तिचं नाव झालं होतं ते पडलेलं अ‍ॅप वाचण्यात. कोणाच्या फोनवर अ‍ॅप मधेच बंद पडलं की त्याचा एक रिपोर्ट आपोआप आमच्याकडे येतो. पण तो जसाच्या तसा वाचता येत नाही. अ‍ॅप बाहेर पाठवताना ते हलकं व्हावं आणि कोणी नक्कल मारू नये म्हणून आतली सगळी लांबलचक नावं मशीन पुसून टाकतं आणि त्यांच्या जागी ए, बी, सी अशी अक्षरं ठेवतं. रिपोर्टमध्येही तीच अक्षरं येतात. कोणत्या नावाचं कोणतं अक्षर झालं याची एक फाईल त्याच वेळी तयार होते. तिला आम्ही किल्ली म्हणायचो. किल्ली लावली की अक्षरांची पुन्हा नावं होतात आणि कळतं, अमक्या फाईलच्या अमक्या ओळीवर अ‍ॅप पडलं. अ‍ॅप नव्याने बनवलं की किल्लीही नवी, आणि कोणती लावायची ते रिपोर्टवरचा अ‍ॅपचा नंबर बघून ठरवायचं. भलतीच किल्ली लावली तर ती कुलपाच्या किल्लीसारखी अडत नाही, खुशाल फिरते आणि खोटं उत्तर खऱ्याच्याच तोऱ्यात देते.

हे सगळं मलाही येत होतं. पण मला वेळ लागायचा, आणि ती तर्री-पोहे खाता खाता नुसत्या अक्षरांकडे बघून म्हणायची, "फोटोवाल्या भागात असंन." आणि असायचं. माझ्या पोह्यांची चव तिथेच जायची.

आमचं सगळ्यात लाडकं काम मोहर्लीचं. तिथल्या सफारीच्या गाईड लोकांसाठी आम्ही अ‍ॅप केलं होतं. जंगलात काय दिसलं, कुठे दिसलं, ते फोटोसकट टाकायचं. ट्रायलच्या वेळी मुख्य बटण मी लिहिलं होतं: 'वाघ दिसला का जी?' मला ते फार आवडलं होतं. तिने ते पाहिलं आणि भाऊंना सुचवलं, 'निरीक्षण नोंदवा' असं लिहू. भाऊ एकदम खूश. मला म्हणाले, "असं बोलीत नाई लिहाव लागत वं. शिकलेले लोकं हसतीन ना आपल्याले." हे ते बोलले तेही बोलीतच, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझं बटण गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी तिच्याकडे बघून गोड हसले.

मग एक दिवस भाऊंनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून मोहर्लीचं काम दोघींपैकी एकीकडेच राहील. दुसरीने किराणा दुकानांच्या बिलांचं अ‍ॅप बघायचं. कोणाकडे काय जाणार, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. मला आतापासूनच तूरडाळ आणि साबणवड्या दिसायला लागल्या.

आणि नेमकं तेव्हाच मोहर्लीचं अ‍ॅप पडायला लागलं. एकाचं नाही, बहुतेक सगळ्यांचं. गाईडनी निरोप पाठवला की हे नीट होत नसेल तर आम्ही ते फोनमधून काढून टाकतो. तिने रिपोर्ट घेतले, किल्ली लावली, आणि उत्तर आलं: नकाशा काढणारी फाईल. ती फाईल तिची होती. अगदी तिने एकटीने लिहिलेली.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती त्या ओळीकडे बघत बसायची. ओळ साधी होती, त्यात पडण्यासारखं काहीच नव्हतं. तिने ती बदलून पाहिली, पुसून पुन्हा लिहिली, आमच्या फोनवर शंभरदा चालवली. अ‍ॅप पडेना. मोहर्लीहून रिपोर्ट मात्र येतच होते, आणि बोट त्याच ओळीकडे. भाऊंच्या हाकेतला गोडवा कमी झाला. मी तिला चहा नेऊन द्यायचे आणि विचारायचे, "सापडलं का वं?" चहात साखर मी जरा जास्तच घालायचे.

शेवटी भाऊंनी तिला मोहर्लीला जाऊन गाईडशी बोलायला सांगितलं, आणि मला सोबत जायला. मंगळवारी गेलो, त्या दिवशी सफारी बंद असते. स्कूटी तिची. मागे बसून मी लॅपटॉपची बॅग मांडीवर धरली होती आणि ती गाईडसमोर काय बोलेल याची मनातल्या मनात मजा घेत होते.

गेटजवळच्या टपरीवर एक वयस्क गाईड काका भेटले. तिने त्यांना आधी हात जोडून सांगितलं, "काका, चूक मायीच असंन, पण मले दाखवा, कसं बंद पडते ते." त्यांनी फोन काढला आणि अ‍ॅप उघडलं. पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'वाघ दिसला का जी?'

मी बघतच राहिले. हे बटण तर ट्रायलनंतर काढून टाकलं होतं.

"काका, हे तुमच्या फोनात कुठून आलं जी?" मी विचारलं.

"ट्रायलवालं हाय ना बाई. तुमचं नवीन आलं, त्याच्यात ते निरीक्षण का काय लिहून हाय, कोनाले समजते? म्या हेच ठेवलं. मंग बाकीच्याइले बी हेच देऊन टाकलं. इथी धड नेट कुठी हाय, फोनवरून फोनवर पाठवलं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ट्रायलच्या अ‍ॅपला वेगळा नंबर द्यायचा नाही, हा भाऊंचा दंडक. म्हणजे रिपोर्टवर नंबर नव्या अ‍ॅपचा, आत अ‍ॅप ट्रायलचं. ती बिचारी लावत होती ती किल्लीच दुसऱ्या अ‍ॅपची. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. आणि ट्रायलचं अ‍ॅप बनलं होतं माझ्या लॅपटॉपवर. खरी किल्ली कुठे असणार? माझ्या मांडीवर. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

गप्प बसून परत जावं आणि भाऊंसमोर एकटीने हा डाव टाकावा, असं क्षणभर वाटलं. पण माझ्याने राहवलंच नाही. मला तिच्या डोळ्यांदेखत जिंकायचं होतं. मी टपरीच्या बाकावर लॅपटॉप उघडला, खरी किल्ली शोधली, रिपोर्ट लावला. अक्षरांची नावं झाली. फोटो जतन करणारी फाईल. फोनमध्ये जागा उरली नसेल तर काय करायचं, ते त्या ओळीत लिहिलेलंच नव्हतं, आणि गाईडचे फोन तर वाघांच्या फोटोंनी गच्च भरलेले. ती ओळ तिची नव्हती, माझीही नव्हती. आम्ही दोघी यायच्या आधी स्वतः भाऊंनी लिहिलेली होती.

ती खो खो हसली. मीही हसले. मग मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. मला तिथे हार बघायची होती, तीही लवकर.

ती चहाचा घोट घेऊन म्हणाली, "एक सांगू? मले तुयी जलन होऊन राह्यली."

मला वाटलं ती थट्टा करतेय.

"आजची नाई. ते बटन पाह्यलं तेव्हापासून. मी जन्मभर कॉलनीत, बाहेरच्या लोकाइत राह्यली, बोलनं जमते पन मले असं लिहिता येत नाई. चांगलं होतं म्हनूनच भाऊले सांगून बदलवलं मी. आता ह्या लोकाइनं तेच उचलून ठेवलं, पाय बरं."

मी चिडायला हवं होतं. पण इतकं गोड वाक्य मला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. मला फक्त 'मलेही' एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडाशी आलं आणि मी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

मोहर्लीचं काम मला मिळालं. बटण परत आलं. ती किराण्याच्या बिलांकडे गेली आणि काही दिवस माझं जेवण छान पचलं. मग एका सकाळी भाऊंच्या केबिनमधून हसण्याचा आवाज आला. तिने बिलाच्या शेवटी बटण लावलं होतं: 'पिशवी आनली का बाई?' दुकानदार त्या बटणावर फिदा होते. भाऊ दारात येऊन म्हणाले, "पाय, बोलीत लिहाव तर असं!" आणि माझ्या डोक्यावरून हाक गेली, "कॉलनी, इकडे ये वं!"

माझ्या पोटात जे दुखलं, ते जुनं, चांगलं ओळखीचं दुखणं होतं. ती केबिनमधून परत येईपर्यंत मी तिच्या खिडकीजवळ जाऊन उभी राहिले.

"काय झालं वं?" तिने विचारलं.

"मले जलन होऊन राह्यली," मी म्हटलं.

तिने पोह्यांचा डबा उघडला आणि माझ्यासाठी बाजूची खुर्ची ओढली.