तांब्या रिकामाच आणला

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. विसरण्याच्या आजारावर इलाज करायला हिला परभणीहून हैदराबादेत नेलं होतं, काचीगुड्यात खोली घेतली होती. ही टरफलं दाण्यांत टाकायची, दाणे केरात. मी खेकसलो, “तुला काही कळतं का?” ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली. डॉक्टरनं विचारलं, मेंदू अभ्यासाला देता का? मी सही केली.

महिन्यानं परभणीहून पुन्हा निघालो. उरलेला मेंदू आणून गोदावरीत सोडायचा म्हणून तांब्या घेतला, तोंडाला बांधायला लाल फडकं. आणि एक विचारायचं होतं.

काचीगुडा स्टेशनाबाहेर रिक्षावाला म्हणाला, “किधर जाना चिच्चा (काका)?”

“मेंदू तपासतात तिथं.”

“दिखाना है क्या?”

“माझा नाही. बायकोचा.”

तो हसला. मग पिशवीत अस्थी न्यायचा असतो तसा तांब्या आणि लाल फडकं दिसलं, तसं त्यानं हसणं आवरलं. गौलीगुड्यात रिक्षा थांबवून त्यानं मला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

प्रयोगशाळेत काचीगुड्यातलीच एक मराठी पोरगी काम करते. तिनं फ्रीज उघडून डबी दाखवली. म्हणाली, “काका, पेशीत डीएनए असतो, धाग्यासारखा. त्याला प्रथिनं धरून बसतात. कुठं धरलंय, त्यावर पेशीचं काम ठरतं. आम्ही फॉर्मलिननं ती पकड पक्की करतो, धाग्याचे तुकडे करतो, आणि गळ टाकल्यासारखं एकच प्रथिन ओढतो. धागा त्याच्यासोबत येतो. मग तापवून पकड सोडवायची.”

“शेवटी सोडवताच?”

“हौ. सोडवल्याशिवाय धागा वाचता येत नाही ना.”

“मग बघून सांग, मी खेकसलो ते तिला कळलं होतं का?”

पोरगीनं डबी फ्रीजमध्ये परत ठेवली.

“खोटं सांगू नको.”

“नक्को काका, खोटं नाही बोलणार. तेवढं नाही दिसत. विसरणं कुठून सुरू होतं, तेच शोधतोय. अजून सापडलं नाही.” मग हळूच म्हणाली, “उरलेला तुकडा नेता? अर्ज लिहून देते.”

मी तांब्या बाहेर काढला. दवाखान्यात बायकोनं माझं मनगट धरलं होतं. गेली तरी धरलेलंच होतं. एकेक बोट मीच सोडवलं होतं.

तांब्या पिशवीत परत ठेवला. “राहू दे. नीट वाच.”

हैदराबादेत बघायला खूप आहे म्हणतात. मी एक फ्रीज बघून आलो. गाडीत तांब्या पिशवीतल्या जेवणाच्या डब्यावर वाजत होता, म्हणून मांडीवर धरून बसलो. जे विचारायला गेलो ते आता कुणालाच विचारता यायचं नाही.

सकाळी बाजारातून तुरीच्या शेंगा आणल्या. एकटाच सोलत बसलो. दाणे वाटीत, टरफलं सुपात. सगळ्या झाल्यावर टरफलं उचलून दाण्यांत टाकली आणि हातानं कालवून एक केली.